लेख, पावती आणि डागडुजी

बेल्हे हें जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागांतील बाजाराचें गांव. माळशेज घाट चढून कल्याणहून नगरकडे जाणारा रस्ता या गांवावरून जातो. दर सोमवारीं येथें आठवड्याचा बाजार भरतो आणि त्यांतहि येथील बैलांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. गुरांच्या बाजाराची जुनी रीत अशी कीं, विकणारानें व घेणारानें रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें धरावयाचीं, दलालानें मध्यें पडावयाचें, आणि शेजारीं उभ्या असलेल्या माणसास एक अक्षरहि कळूं न देतां भाव ठरवावयाचा. घेणारा बैलाचे दांत पाहतो, त्याला चालवून पाहतो, खांद्यावरून हात फिरवितो. सौदा पटला म्हणजे पैसे मोजले जातात, बैल नव्या धन्याच्या हातीं जातो, आणि सूर्य मावळण्यापूर्वीं त्या दोघांचा संबंध संपतो.

अशा कोणत्याहि बाजारगांवीं रस्त्याच्या कडेला दुकानांचे चार गाळे असतात व त्यांच्यामागें दोन-तीन खोल्या असतात. नोकरींतून निवृत्त झालेल्या एखाद्या गृहस्थानें आयुष्यभराची शिल्लक त्यांत घातलेली असते. एखाद्या विधवेचा सारा चरितार्थ त्यांच्या भाड्यावर चालत असतो. गाळ्यांत बसणारा किराणा दुकानदार किंवा शिंपी यानेंहि आपली उपजीविका त्याच चार भिंतींवर सोंपविलेली असते. हा व्यवहार सूर्यास्तास संपत नाहीं. तो पांच वर्षें, वीस वर्षें, कित्येकदां दोन पिढ्या चालतो. असें असूनहि आपल्याकडे पुष्कळ घरमालक हा दीर्घ व्यवहार बैलाच्या सौद्याप्रमाणेंच, तोंडच्या शब्दावर व ओळखीच्या भरंवशावर करतात. बैलाचे दांत पाहिल्यावांचून रुपया न देणारा मनुष्य खोली देतांना मात्र कागद करीत नाहीं. त्याचा परिणाम काय होतो याचा इतिहास महाराष्ट्रांत फार जुना आहे, आणि त्याचा आरंभ पाहण्यासाठीं जुन्नरच्या बाहेर फारसें जावें लागत नाहीं.

जुन्नर शहराभोंवतालच्या डोंगरांत, लेण्याद्रीस, शिवनेरीच्या कड्यांत, मानमोडीस आणि तुळजेच्या बाजूस, दोन हजार वर्षांपूर्वींचीं लेणीं आहेत. पावसाळ्यांत भिक्षूंना राहण्यासाठीं कोरलेलीं हीं निवासस्थानें. त्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपींत व प्राकृत भाषेंत लहान लहान लेख आहेत. धान्य विकणाऱ्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें एक लेणें आणि पाण्याचें एक टाकें दान दिल्याचें त्यांपैकीं एक लेख सांगतो. राहण्याची जागा देणारानें पाण्याची सोयहि द्यावी, हा विचार त्या काळींहि होता असें यावरून दिसतें. दुसऱ्या कांहीं लेखांत शेतांचें उत्पन्न किंवा द्रव्य कारागिरांच्या श्रेणींकडे लावून दिल्याची नोंद आहे. बांबूचें काम करणारे आणि कांसार यांच्या श्रेणींचीं नांवें त्यांत येतात. अडुथुम नांवाच्या एका शक उपासकानें करंजाचीं व वडाचीं झाडें लावण्यासाठीं निवर्तनांच्या हिशेबानें शेतें लावून दिलीं, असाहि लेख तेथें आहे. ज्या क्षत्रप नहपानाच्या अमात्यानें, अयमानें, जुन्नरला टाकें व मंडप करविला, त्याच नहपानाचा जांवई उषवदात याचा नाशिकच्या लेण्यांतील लेख तर या विषयावरचा एक उत्तम धडाच आहे.

उषवदातानें तीन हजार कार्षापण भिक्षुसंघासाठीं ठेव म्हणून दिले. त्यांपैकीं दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेंकडा एक या व्याजानें ठेवले आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेंकडा पाऊण या व्याजानें. दोन हजारांचें व्याज महिन्यास वीस, म्हणजे वर्षास दोनशें चाळीस होतें. आणि लेण्यांत वर्षाकाल काढणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकीं बारा कार्षापण वस्त्रासाठीं द्यावयाचे होते. हिशेब तंतोतंत जुळतो. मुद्दल परत मागावयाचें नाहीं, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, असें लेखांत स्पष्ट म्हटलें आहे. अशा ठेवीस अक्षयनीवि हें नांव होतें. याहूनहि लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, हा सारा व्यवहार निगमसभेंत जाहीर करून चालीप्रमाणें फलकावर निबद्ध केला, म्हणजे आजच्या भाषेंत नोंदविला, असें तो लेख सांगतो. राजाचा जांवई असूनहि त्यानें केवळ आपल्या शब्दावर भिस्त ठेविली नाहीं.

घर भाड्यानें देणें म्हणजे एक प्रकारची अक्षयनीविच होय. घर हें मुद्दल आणि भाडें हें त्याचें व्याज. परंतु येथें एक मोठा फरक आहे. श्रेणीकडे ठेवलेलें नाणें झिजत नाहीं. घर मात्र प्रत्येक पावसाळ्यांत थोडें थोडें झिजतें. म्हणून नाण्याचें सर्व व्याज खाल्लें तरी मुद्दल शाबूत राहतें, पण घराचें सर्व भाडें खाल्लें तर त्याबरोबर घरहि खाल्लें जातें. नव्यानें या व्यवहारांत पडणाऱ्या गृहस्थास हें एक सूत्र कळलें कीं अर्धें काम झालें.

मराठेशाहीच्या काळांत हाच प्रश्न जमिनीच्या रूपानें उभा राहिला. देशावरच्या गांवांत कसणारांचे दोन वर्ग असत. मिरासदार आणि उपरी. मिरासदाराचा हक्क वंशपरंपरेचा. दुष्काळांत तो गांव सोडून गेला तरी वर्षांनीं परत येऊन आपली जमीन मागूं शके. उपरी हा नांवाप्रमाणेंच वरून आलेला. तो ठरलेल्या मुदतीपुरता, ठरलेल्या सारा-खंडावर जमीन कसी. दोघांच्या हातीं एकच नांगर व पायाखालीं एकच माती असे. दोघांतील भेद कराराचा होता. हा भेद जेथें मिरासपत्रांत व गांवकऱ्यांच्या साक्षींत उतरलेला असे तेथें तंटा लवकर मिटे. जेथें तो केवळ म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींत असे तेथें ती पिढी गेली म्हणजे कज्जा उभा राही. जागेवर बसलेला मनुष्य मुदतीचा कीं कायमचा, हा प्रश्न तेव्हांपासून आजपर्यंत सुटलेला नाहीं. त्याचें उत्तर कागदानें द्यावें, नाहीं तर काळ देतो. आणि काळ बहुधा बसलेल्याच्या बाजूनें देतो.

कागद असला म्हणजे सर्व झालें, असेंहि नाहीं. १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस याच पुणें जिल्ह्यांत सुपें येथें, तेंहि बाजाराच्याच दिवशीं, शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो पुणें व नगर जिल्ह्यांतील पुष्कळ गांवांत पसरला. दंगेखोरांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर व दस्तांवर होता. ते हिसकावून घेऊन त्यांची होळी करण्यांत आली. असें कां घडलें? कारण ते कागद एकाच पक्षानें लिहिलेले, एकाच पक्षानें वाचलेले आणि एकाच पक्षाच्या पेटींत ठेवलेले होते. फेडलेल्या रकमेची पावती ऋणकोच्या हातीं नसे. सरकारनें चौकशी करून १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यांत शेतकऱ्याचे दस्त गांवच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावे, दिलेल्या पैशाची लेखी पावती मिळावी आणि मागितल्यास हिशेब मिळावा, अशीं कलमें होतीं. खरा लेख तो कीं ज्याची प्रत दोघांजवळ असते, आणि खरा हिशेब तो कीं जो दोघांना वाचतां येतो. आजच्या घरमालकानेंहि भाड्याची पावती ही भाडेकरूवर केलेली मेहरबानी समजूं नये. ती दोघांचें संरक्षण आहे. भाडेकरूनें किती दिलें हें ती सांगते, तसेंच तो कोणत्या नात्यानें राहत होता हेंहि तीच सांगते.

विसाव्या शतकांत तोंडी व्यवहाराची सर्वांत मोठी किंमत लहान जमीनमालकांना द्यावी लागली. पुणें-मुंबईस नोकरीनिमित्त गेलेल्या अनेक कुटुंबांची गांवाकडे दोन-चार एकर जमीन असे. ती गांवच्या एखाद्या कुळाकडे असे. वर्षास दोन पोतीं धान्य शहरांत येई, आणि त्यापलीकडे कोणी फारशी चौकशी करीत नसे. १९३९ सालीं मुंबई प्रांतांत पहिला कूळकायदा झाला. १९४८ सालीं अधिक व्यापक कायदा आला, आणि त्याच्या पुढील दुरुस्तीप्रमाणें १ एप्रिल १९५७ या कृषकदिनीं कसणारें कूळ हें जमिनीचें मालक मानलें गेलें. किंमत सामान्यतः आकाराच्या वीस पटींपासून दोनशें पटींपर्यंत ठरावयाची होती. विधवा, अज्ञान मुलें आणि सैन्यांत असलेले मालक यांच्यासाठीं मुदतीची सवलत होती. स्वतः कसण्यासाठीं जमीन परत मागावयाची तर त्यालाहि विहित मुदत व मर्यादा होती.

या कायद्याचा न्याय नाकारतां येणार नाहीं. पिढ्यान् पिढ्या घाम गाळणारास जमीन मिळाली, आणि ती मिळावयास हवी होती. परंतु त्याच वेळीं, ज्यांची मालकी बड्या जमीनदाराची नव्हती, ज्यांचा धंदा सावकारीचा नव्हता, अशा लहान कुटुंबांनाहि आपण कोठें उभे आहों हें नोटीस हातीं पडेपर्यंत कळलें नाहीं. सातबाराच्या उताऱ्यावर कुळाचें नांव केव्हां लागलें हेंहि कित्येकांनीं पाहिलेलें नव्हतें. मालकी म्हणजे केवळ उत्पन्न घेण्याचा हक्क नव्हे. लक्ष देण्याचें तें कर्तव्य आहे. लक्ष सुटलें कीं मालकी हळूहळू सुटूं लागते, आणि कायदा तें सुटणें शेवटीं फक्त लिहून काढतो.

घरांचा इतिहासहि याच वाटेनें गेला, मात्र त्याची सुरुवात मुंबईस झाली. गिरण्यांच्या कामासाठीं कोंकणांतून व देशावरून लोंढेच्या लोंढे आले आणि त्यांच्यासाठीं चाळी उभ्या राहिल्या. एका खोलींत एक बिऱ्हाड, कधीं दोन. सामाईक नळ, सामाईक शौचकूप. १८९६ सालीं प्लेग आला तेव्हां या दाटीची किंमत सर्वांना कळली, आणि १८९८ सालीं शहरसुधारणेसाठीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. पुढें पहिल्या महायुद्धांत बांधकाम मंदावलें, माणसें वाढलीं आणि भाडीं भडकलीं. तेव्हां १९१८ सालीं भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा करावा लागला. दुसऱ्या महायुद्धांत तीच स्थिति अधिक बिकट झाली, आणि फाळणीनंतर निर्वासितांची भर पडली. १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलांत आला. १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें तें प्रमाणभाडें, हा त्याचा पाया.

तो उपाय संकटकाळापुरता होता. रस्त्यावर पडण्याच्या बेतांत असलेल्या लक्षावधि कुटुंबांना त्यानें छप्पर दिलें, हें त्याचें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे. पण तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा वरचेवर मुदत वाढवून मिळून अर्धशतक चालला. ज्या खोलीचें भाडें १९४० सालीं दहा रुपये होतें तिचें भाडें, करवाढीसारख्या मान्य बाबी सोडल्यास, पुढें चाळीस-पन्नास वर्षांनींहि दहाच्याच आसपास राहिलें. त्या दहा रुपयांत एका दिवसाची गवंड्याची मजुरीहि निघेनाशी झाली. मालकानें दुरुस्ती सोडली. भाडेकरूला परवडत असूनहि दुसऱ्याच्या घरावर खर्च कां करावा, म्हणून त्यानेंहि ती केली नाहीं. कायद्यानें मना केलेली पागडी रूढीनें मात्र राजरोस चालूं लागली. अखेर इमारती कोसळूं लागल्या तेव्हां १९६९ सालीं मुंबईंतील जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीं व पुनर्रचनेसाठीं स्वतंत्र मंडळाचा कायदा करावा लागला. पुण्याच्या पेठांतील वाड्यांची कथा थोडी धाकटी पण त्याच कुळींतली. वाड्याचा मालक माडीवर गळक्या छपराखालीं राहतो आणि खालच्या चार बिऱ्हाडांच्या एकत्र भाड्यांत एका वर्षाचीं कौलेंहि चाळून होत नाहींत, हें दृश्य त्या पिढीस परिचयाचें होतें.

भाड्यानें जागा दिली तर ती परत मिळत नाहीं, या भीतीनें मालकांनीं एक आडवाट शोधली. भाडेकरू न म्हणतां अनुज्ञाधारक म्हणावयाचें, भाडें न म्हणतां मोबदला म्हणावयाचें, आणि करार अकरा महिन्यांचा करावयाचा. वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें नोंदणी लागते. ती टाळण्यासाठीं हे अकरा महिने. परंतु १९७३ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली, आणि त्या वर्षाच्या १ फेब्रुवारीस चालू अनुज्ञेवर जे ताब्यांत होते त्यांना भाडेकरूंचें संरक्षण मिळालें. निवळ शब्द बदलल्यानें वस्तुस्थिति बदलत नाहीं, हा तो धडा होता.

१९९७ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यांत, भाडीं अशीं गोठवून ठेवणें काळाच्या ओघांत अवाजवी झालें आहे, असा स्पष्ट अभिप्राय दिला. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा झाला व तो ३१ मार्च २००० पासून अमलांत आला. जुन्या दोन्ही भीतींना त्यानें कांहीं प्रमाणांत उत्तर दिलें आहे. भाड्यांत दरसाल चार टक्के वाढ घेण्याची त्यानें मुभा दिली. भाडें वा अनुज्ञेचा करार लेखी व नोंदलेला असलाच पाहिजे असें ठरविलें, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, लेख नोंदलेला नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याविषयीं भाडेकरू जें सांगेल तें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें धरलें जातें. म्हणजे अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी नको ही समजूत या कायद्यापुढें टिकत नाहीं. निगमसभेच्या फलकावरची नोंद अठराशें वर्षांनीं पुन्हां घरीं आली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां बेल्ह्यासारख्या बाजारगांवीं, किंवा पुण्याच्या एखाद्या उपनगरांत, ज्यास नव्यानें एखादा गाळा वा दोन खोल्या घेऊन भाड्यानें द्यावयाच्या आहेत त्यानें या इतिहासापासून काय घ्यावें, हें पाहूं.

पहिली गोष्ट जागेची पारख. बैलाचे दांत पाहावे तसे मिळकतीचे कागद पाहावे. सातबाराचा उतारा किंवा मिळकतपत्रिका कोणाच्या नांवावर आहे, जमीन गांवठाणांतील आहे कीं शेतीची, शेतीची असल्यास बिनशेतीचा आदेश व बांधकामाची परवानगी आहे काय, हें प्रथम पाहावें. ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर नांव असलें म्हणजे मालकी झाली, असें पुष्कळ लोक समजतात. तो उतारा करआकारणीचा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. रस्त्यालगतची जागा भाड्यास चांगली खरी, पण महामार्गालगत किती अंतर सोडून बांधावयाचें याचे नियम असतात. ते मोडून बांधलेला गाळा रस्तारुंदीच्या वेळीं आधीं जातो.

दुसरी गोष्ट हिशेबाची. एखाद्या गाळ्याचें भाडें महिन्यास पांच हजार येईल असें धरूं. वर्षाचे साठ हजार झाले, म्हणून नवा मालक हर्षित होतो. परंतु भाडेकरू बदलतांना एक महिना जागा रिकामी राहील, हे पांच हजार गेले. एक महिन्याचें भाडें घरपट्टीस व किरकोळ खर्चास, आणि निदान एक महिन्याचें डागडुजीच्या फंडास बाजूला काढलें पाहिजे. उरले पंचेचाळीस हजार. आयकराच्या कायद्यांतहि घरपट्टी वजा केल्यावर उरणाऱ्या वार्षिक भाड्यांतून दुरुस्ती इत्यादींसाठीं शेंकडा तीस ठरावीक वजावट मिळते. म्हणजे भाडें हें सगळेंच उत्पन्न नव्हे, हें कर घेणारानेंहि मान्य केलें आहे. कर्ज काढून गाळा घेतला असेल तर त्याचा हप्ता साठ हजारांशीं नव्हे, या पंचेचाळीस हजारांशीं ताडून पाहावा. तेवढ्यांत हप्ता बसत नसेल तर तो गाळा मालकाचें पोट भरणार नाहीं, मालकालाच त्या गाळ्याचें पोट भरावें लागेल.

तिसरी गोष्ट लेखाची. १९९९ चा कायदा त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या क्षेत्रांस लागू आहे. इतरत्र १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याचे नियम चालतात. आपली जागा कोणत्या कायद्याखालीं येते हें वकिलास आधींच विचारावें. कोठेंहि असो, करार लिहून नोंदवावा आणि त्याची प्रत भाडेकरूस द्यावी. जागा कोणती, कशासाठीं, किती मुदतीची, भाडें किती व कोणत्या तारखेस, अनामत किती व ती केव्हां परत द्यावयाची, पाणी-विजेचें बिल कोणी भरावयाचें, कोणती दुरुस्ती कोणी करावयाची, इतकें त्यांत स्वच्छ असावें. राहण्यासाठीं अनुज्ञेवर दिलेली जागा मुदत संपल्यावर सोडली नाहीं, तर नियंत्रण कायद्याखालीं सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करतां येतो व दुप्पट मोबदला मागतां येतो. पण दुकानाच्या गाळ्यास ही जलद वाट नाहीं. म्हणून गाळा देतांना दुप्पट विचार करावा. अनामत म्हणून घेतलेली रक्कम खर्च करूं नये. ती दुसऱ्याची ठेव आहे, आणि जाणारा भाडेकरू ती रोख मागणार आहे.

चौथी गोष्ट वागणुकीची. भाडें थकलें म्हणून पाणी बंद करणें, वीज तोडणें किंवा कुलूप बदलणें, या मार्गास कायदा गुन्हा समजतो. नियंत्रण कायद्याखालीं थकबाकीसाठीं दावा लावण्यापूर्वीं लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावें लागतें. हा काळ मालकास फार वाटतो. पण आजारी पडलेल्या किंवा धंदा बसलेल्या भाडेकरूला तेवढ्यांत सांवरतां येतें, आणि सांवरलेला जुना भाडेकरू हा अनोळखी नव्यापेक्षां बहुधा बरा असतो. दरमहा वेळेवर भाडें देणाऱ्या, जागा नीट राखणाऱ्या भाडेकरूला बाजारभावापेक्षां शंभर-दोनशें रुपये कमी पडले तरी तो तोटा नव्हे. एक महिना जागा रिकामी राहिल्यानें त्याहून अधिक जातात.

शेवटची गोष्ट डागडुजीची. जागा राहण्यास योग्य स्थितींत ठेवणें हें कायद्यानें मालकाचें कर्तव्य आहे. लेखी सूचना दिल्यावर पंधरा दिवसांत त्यानें तें केलें नाहीं, तर ठराविक मर्यादेंत भाडेकरूस स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यांतून वळता करून घेतां येतो. शहाण्या मालकानें ही वेळ येऊं देऊं नये. मे महिन्यांत स्वतः जाऊन छप्पर पाहावें, पन्हळी साफ कराव्या, भिंतीची ओल पाहावी आणि भाडेकरूच्या घरांत चार शब्द बोलून यावें. तेवढ्या एका फेरींत छपराचेंहि कळतें आणि माणसाचेंहि. कृषकदिनापूर्वीं जीं कुटुंबें दरसाल आपल्या शेताच्या बांधावर जाऊन उभीं राहत असत त्यांना निदान आपण काय गमावणार व काय राखूं शकूं, हें वेळींच ठाऊक होतें. जीं केवळ पोत्यांची वाट पाहत बसलीं त्यांना तें टपालानें कळलें.

मालक आणि भाडेकरू यांच्या भांडणांत कायदा कधीं एकाकडे झुकला, कधीं दुसऱ्याकडे. प्लेग, युद्ध, निर्वासितांची दैना, कोसळलेल्या इमारती, या प्रत्येकानें त्याचा कांटा हलविला आहे, आणि पुढेंहि तो हलणार नाहीं असें नाहीं. लहान मालकाच्या हातीं कायदा नाहीं. त्याच्या हातीं लेख आहे, पावती आहे आणि डागडुजी आहे. हीं तीन ज्यानें संभाळलीं त्याचें घर बदलत्या कायद्यांतहि बहुधा टिकतें, आणि त्याच्या घरांत राहणारासहि रात्रीं स्वस्थ झोंप येते.

बेल्ह्याच्या बाजारांत सोमवारीं संध्याकाळीं दावणी रिकाम्या होतात. ज्यानें बैल विकला तो पैसे कनवटीस लावून मोकळा होतो आणि मागें वळून पाहत नाहीं. घर भाड्यानें देणारास तसें मोकळें होतां येत नाहीं. दर पावसाळ्यापूर्वीं त्यास मागें वळून पाहावेंच लागतें. मोकळें व्हावयाचें असेल त्यानें घर विकून टाकावें. ठेवावयाचें असेल त्यानें तें दुसऱ्याच्या संसाराचें घर आहे हें जाणून ठेवावें.